मध्ययुगीन धर्मकला-संशोधनाची अधिछात्रवृत्ती (पुणे)

देवळे, लेणी, मूर्ती, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा), शिलालेख, सचित्र पोथ्या अशा मध्ययुगीन धर्मकलेवर आणि तिच्या जतनावर पीएच.डी. करणाऱ्याला दरमहा मिळणारे अर्थसाहाय्य, व त्याच्या आधारे होणारे संशोधन. विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘फेलोशिप’ हाच शब्द असतो. महाराष्ट्राच्या कलेतिहासात मध्ययुग म्हणजे ढोबळमानाने राष्ट्रकूटांपासून यादवांपर्यंतचा आणि त्यापुढील सल्तनतींचा काळ.

पुण्यात या विषयाचे मुख्य घर म्हणजे येरवड्याचे डेक्कन कॉलेज. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेपासून त्याची परंपरा सांगतात. १९३९ मध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले, त्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तेथे आले, आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासाला कायमचा पाया मिळाला. मूर्तिशास्त्र व मंदिरस्थापत्य यांच्या अभ्यासाला गो. बं. देगलूरकरांनी तेथे मोठे बळ दिले. पोथ्यांसाठी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (१९१७), कागदपत्रांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०). एका शहरात, रिक्षाच्या अंतरावर, हे सारे मिळते. म्हणूनच मराठवाडा-विदर्भातली मुलेही या विषयासाठी पुणे गाठतात. शहरातच जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराचे अपुरे राहिलेले लेणे आहे. बसने जाऊन दिवसभर नंदीमंडपाच्या खांबांशी बसता येईल, असे हे नवशिक्याचे पहिले पुस्तक.

पैशाची मुख्य वाट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेतून जाते. इतिहास, पुरातत्त्व, भारतीय संस्कृती, दृश्यकला यांपैकी एखाद्या विषयात जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली, की १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, आणि काम समाधानकारक ठरल्यास पुढची तीन वर्षे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. मानव्यविद्यांसाठी किरकोळ खर्चाची रक्कम मात्र पहिली दोन वर्षे वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये. राज्याच्या पातळीवर बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) व महाज्योती (इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी) या शासकीय संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. पहिल्या दोन्ही संस्थांची मुख्यालये पुण्यातच आहेत. या वृत्त्यांनी अशा घरांतली मुले या क्षेत्रात आणली, जिथे देवळाच्या नक्षीवर पाच वर्षे घालवणे ही चैन समजली गेली असती. त्यातल्या काहींना गावच्या म्हसोबाची, बिरोबाची, वेशीवरच्या वीरगळांची माहिती कोणत्याही ग्रंथापेक्षा जास्त असते. हा या योजनांचा सर्वांत मोठा लाभ आहे.

आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. हा विषय मात्र ऋतू पाहून चालतो. पावसाळ्यात वाट नसते आणि भिंतींवर शेवाळ चढते. दिवाळीनंतर गवत वाळले की काम सुरू होते आणि ऊन चढले की थांबते. झिजलेला लेख दुपारी दिसतच नाही. सकाळच्या तिरप्या उजेडात किंवा बाजूने धरलेल्या बॅटरीत अक्षर उठते. गाभाऱ्यातली मूर्ती बहुधा वस्त्रांत आणि मुखवट्यात असते, म्हणून पहाटेच्या अभिषेकाला हजर राहावे लागते, तेही गुरवांची संमती घेऊन. संरक्षित स्मारकांच्या परवानग्या आणखी निराळ्या. म्हणजे वृत्तीचा खरा उपयोग पुस्तके घेण्यापेक्षा एसटीच्या तिकिटाला आणि पुन्हापुन्हा जाण्याला होतो.

अशा पायपिटीतून काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण ‘हेमाडपंती’ हा शब्द. चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेले कोणतेही जुने देऊळ आपण हेमाडपंती म्हणतो. ज्याच्या नावावरून हा शब्द आला, तो हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा महादेव व रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आणि अंबरनाथच्या शिवालयातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. दोनशे वर्षांचे अंतर आहे. तसेच गाभाऱ्याच्या दाराच्या चौकटीवर मधोमध, म्हणजे ललाटबिंबावर, गणपती दिसला म्हणून देऊळ गणपतीचे ठरत नाही. त्यासाठी देवकोष्ठांतल्या, म्हणजे बाहेरच्या भिंतींवरच्या कोनाड्यांतल्या, मूर्ती पाहाव्या लागतात. विष्णूच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा, पद्म यांचा क्रम बदलला की नाव बदलते. चार आयुधांचे चोवीस क्रम, तीच संध्येतली केशव-नारायणादी चोवीस नावे. यवतजवळच्या भुलेश्वरात तर स्त्रीरूपातला गणेश, म्हणजे वैनायकी, कोरलेली आहे, आणि तिच्यापुढून रोज भाविक सहज निघून जातात.

वारसा म्हणून या अभ्यासाची निकड जीर्णोद्धारामुळे वाढली आहे. गावकऱ्यांची श्रद्धा खरी असते, वर्गणी कष्टाची असते. पण त्या पैशातून शिल्पांवर ऑइल पेंट चढतो, जंघेला (बाहेरच्या भिंतीच्या मुख्य भागाला) टाइल्स लागतात, वीरगळ पायरीत जातात. शेंदराचे तसे नाही. तो लेप मूर्ती झाकतो आणि राखतोही. वणीच्या सप्तशृंगीचा शेंदूर २०२२ मध्ये उतरवला, तेव्हा पिढ्यानपिढ्या न दिसलेले रूप समोर आले. मात्र असा लेप काढणे हे तज्ज्ञ संवर्धकांचे व देवस्थानाचे काम. संशोधकाने हात लावू नये. अक्षरात पीठ किंवा खडू चोळणेही टाळावे, कारण त्याने भलतेच वळण अक्षर म्हणून वाचले जाते.

मंजूर प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर ठेवला जातो. मापांच्या वह्या, ठसे आणि प्रबंधात न बसलेली शेकडो छायाचित्रे मात्र बहुतेक वेळा संशोधकाच्या घरीच राहतात. रंगवण्यापूर्वीचे देऊळ कसे होते, हे अनेकदा फक्त त्यांतच उरलेले असते.