सामाईक मेलबॉक्सचे फाइल लॉकिंग

एका मेलबॉक्सवर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला लिहू देण्याची व्यवस्था. युनिक्स घराण्यातील प्रणालींत खात्याची सगळी पत्रे पूर्वापार एकाच लांबलचक फाइलमध्ये साठत. या मांडणीला एमबॉक्स म्हणतात. नवे पत्र शेवटी जोडले जाते, पण जुने खोडायचे तर पुढची फाइल नव्याने लिहावी लागते. नेमके तेव्हाच दुसऱ्याने पत्र जोडले, तर ते हरवते किंवा दोन पत्रांची खिचडी होते.

निपाणी-खानापूरकडची एखादी पतसंस्था घ्या. पत्ता एक, उघडणारे तिघे: मॅनेजर, कॅशियर आणि शाखेतला क्लार्क. सभासदांचे अर्ज मराठीत, सरकारी पत्रे कन्नडमध्ये. आवक-जावक रजिस्टर एकाच्या हातात असले की दुसरा आपसूक थांबतो. संगणकाला हे थांबणे शिकवावे लागते. खिचडी झालीच तर इंग्रजीपेक्षा इथे नुकसान जास्त. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते आणि असा मजकूर बहुधा बेस-६४ मध्ये गुंडाळून, ३ बाइटांची ४ अक्षरे करून, पाठवला जातो. त्यातले एक अक्षर गळाले की पुढचे सगळे सरकते. कन्नड लिपीचेही तेच. सीमाभागात निदान या बाबतीत दोन्ही भाषांना न्याय सारखा.

कुलपे मुख्यतः दोन जातींची. डॉट-लॉक म्हणजे मेलबॉक्सशेजारी ठेवलेली छोटी खुणेची फाइल. ती असेपर्यंत इतरांनी थांबायचे. एफलॉक आणि एफसीएनटीएल ही कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे, मागायची कुलपे. दोन्ही सहसा केवळ संकेत असतात, न जुमानणाऱ्याला दार उघडेच. एक प्रोग्रॅम दारावरची पाटी बघतो, दुसरा कडी चाचपतो, आणि दोघेही आत शिरतात. म्हणून सगळ्यांनी तीच कुलपे, त्याच क्रमाने लावायची. क्रम उलटला तर एकेक कुलूप धरून दोघे एकमेकांची वाट बघत बसतात.

नेटवर्कवर खरी पंचाईत होते. एनएफएस म्हणजे दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली नेटवर्कवरून वापरू देणारी व्यवस्था. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेल्या या एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत 'फाइल नसेल तरच बनव' हे काम एका दमात होत नसे. दोन यंत्रांना एकाच वेळी जागा मोकळी दिसे. त्यावरचा तोडगा मला फार आवडतो. आधी स्वतःच्या वेगळ्या नावाची फाइल बनवायची, तिला कुलपाच्या नावाने दुवा, म्हणजे त्याच फाइलचे दुसरे नाव, जोडायचा आणि सर्व्हरच्या उत्तरावर न विसंबता दुव्यांची संख्या मोजायची. २ भरली तर कुलूप आपले. उत्तर वाटेत हरवू शकते, संख्या नाही. लिनक्सवर एफलॉकची मजल २.६.१२ पूर्वी त्याच यंत्रापुरती होती. तेव्हापासून एनएफएसवर ते एफसीएनटीएल पद्धतीच्या कुलपात बदलले जाते. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने कुलपे मुख्य प्रोटोकॉलमध्येच आणली आणि त्यांना मुदत घातली.

लाईट गेली की कर्नलचे कुलूप प्रोग्रॅमबरोबर जाते, डॉट-लॉक मात्र डिस्कवर तसेच राहते. कन्नडात कुलपाला 'बीग' आणि किल्लीला 'बीगद कै', म्हणजे कुलपाचा हात, म्हणतात. या बेवारस कुलपाला हातच उरत नाही. आत लिहिलेला प्रोसेस क्रमांक, म्हणजे कुलूप लावणाऱ्या चालू प्रोग्रॅमचा नंबर, दुसऱ्या यंत्रावर निरर्थक ठरतो. वयावरून शिळे ठरवावे, तर दोन यंत्रांची घड्याळे जुळत नाहीत आणि जिवंत कुलूप तोडले जाते.

डॅनियल बर्नस्टाइन यांच्या क्यूमेल या मेल सर्व्हरमधील मेलडिर मांडणीने हा प्रश्नच वळसा घालून टाळला. प्रत्येक पत्राची वेगळी फाइल. ती 'टेंप' या फोल्डरमध्ये पुरी लिहून मगच 'न्यू' फोल्डरमध्ये सरकवायची, त्यामुळे पत्र पोचवायला कुलूप लागत नाही. आयमॅप या सर्व्हरवरच पत्रे ठेवून वाचण्याच्या पद्धतीत फाइलला हात लावतो तो सर्व्हरच, म्हणून पतसंस्थेतले तिघे एकाच वेळी पत्रे वाचू शकतात. पत्रे आपल्या यंत्रावर उतरवून घेण्याच्या जुन्या पॉप-३ पद्धतीत मात्र कॅशियरची पत्रे उतरत असताना मॅनेजरला मेलबॉक्स लॉक असल्याचा नकार मिळतो, आणि पासवर्ड चुकला असे समजून तो पुन्हा पुन्हा टाईप करत बसतो.