‘प्लॅस्टिक न्यूट्रल’ म्हणजे पुडीची पुन्हा पुडी नव्हे

हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२१ मध्ये ‘प्लॅस्टिक न्यूट्रल’ झाल्याचं सांगितलं, तेव्हापासून अनेकांचा समज आहे की शाम्पूची फाडलेली पुडी रिसायकल होऊन पुन्हा पुडीच बनते. तसं होत नाही. पॅकिंगला जेवढं प्लॅस्टिक वापरलं, त्याहून जास्त गोळा करून त्याची विल्हेवाट लावली, एवढाच त्या दाव्याचा अर्थ. गोळा केलेलं प्लॅस्टिक कंपनीचंच हवं असंही नाही. पुडीत वेगवेगळे थर चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही. म्हणून असा कचरा बराचसा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळतो, आणि नियमांना ते चालतं! मूळ कंपनी युनिलिव्हरने तर २०२४ मध्ये उद्दिष्टच सैल केलं: नवं प्लॅस्टिक २०२५ पर्यंत निम्मं करण्याऐवजी आता २०२६ पर्यंत ३० टक्के कमी.