मुलांची पावलं: कुठे धीर धरायचा, कुठे नाही

तीन वर्षांच्या मुलाचे तळवे सपाट दिसले की घरात काळजी सुरू होते आणि मुंबईहून जाड सोलचे महागडे बूट येतात. उलट, जन्मतःच पाऊल आत वळलेलं असलं तर ‘चालायला लागला की होईल सरळ’ म्हणत वर्ष निघून जातं. धीर धरायचा तिथे घाई होते आणि घाई करायची तिथे धीर धरला जातो. नुकसान होतं ते दुसऱ्या प्रकारात.

मोठ्या माणसाच्या पावलात २६ हाडं असतात. तान्ह्या बाळाच्या पावलातली त्यांपैकी बरीचशी अजून कूर्चेचीच असतात, म्हणजे मऊ. कमानीच्या माथ्यावरचं नौकेच्या आकाराचं हाड सर्वांत उशिरा, साधारण दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या दरम्यान कठीण होऊ लागतं. त्यात सांधे सैल आणि तळव्याखाली चरबीची गादी, मग कमान दिसणार कुठून? ती हळूहळू घडते, कधी सहाव्या तर कधी दहाव्या वर्षापर्यंत.

घरी तपासायचं तर मुलाचा पाय भिजवून ठसा घ्या. जांभ्याच्या चिऱ्यावर नको, तो पाणी शोषून घेतो आणि ठसा फिसकटतो. कोब्यावर किंवा लादीवर घ्या. ठसा पूर्ण भरलेला उमटला तर मुलाला भिंतीला हात टेकवून चवड्यांवर उभं करा आणि मागून बघा. कमान वर आली आणि टाच किंचित आत वळली, तर पाऊल लवचिक आहे. ते दुखत नसेल तर काहीही करायची गरज नाही. बुटात घालायच्या पट्ट्यांनी दुखणं कमी होऊ शकतं, पण कमान तयार होत नाही. चवड्यांवर उभं राहूनही तळवा सपाटच राहिला किंवा पाऊल ताठ वाटलं, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. काही मुलांत पावलातली दोन हाडं जन्मतः एकमेकांना जोडलेली असतात. हा त्रास बहुधा आठ ते सोळा या वयात जाणवतो; घोटा वारंवार मुरगळणं ही त्याची एक खूण.

अनवाणी खेळण्याबद्दल आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, खाली कर्नाटकात मोठी पाहणी झालेली आहे. राव आणि जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ साली निष्कर्ष मांडले. पायताण वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण जास्त होतं. तेव्हा खळ्यात, पडवीत, स्वच्छ पुळणीवर मुलांना खुशाल अनवाणी सोडा. गोठ्याकडे, खताच्या खड्ड्याजवळ आणि उघड्यावर शौचाला जातात त्या बाजूला चप्पल हवीच, कारण हुकवर्म या आतड्यातल्या जंताच्या अळ्या तळव्याच्या कातडीतूनच आत शिरतात.

पाय फेंगडे दिसणं दोन वर्षांपर्यंत चालतं. तीन-चारला उलट गुडघे एकमेकांना घासतात आणि सात-आठपर्यंत पाय सरळ होतात. वाकडेपणा एकाच पायात असेल, वाढत असेल किंवा मनगटं जाड दिसत असतील, तर मुडदूस किंवा दुसरं काही कारण आहे का ते बघावं लागतं. अठरा महिने झाले तरी मूल चालत नसेल, तीन वर्षांनंतरही सतत चवड्यांवर चालत असेल, किंवा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उठत असेल, तर दोष पावलात नसून स्नायूंत किंवा मज्जासंस्थेत असू शकतो. इथे वाट पाहू नका.

आत वळलेलं पाऊल, म्हणजे क्लबफूट, याचे उपचार जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच सुरू व्हायला हवेत. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं थोडं वळवून बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घालतात. बहुधा पाच ते सात प्लास्टरं लागतात. त्यानंतर बऱ्याच बाळांच्या टाचेमागच्या धोंडशिरेला (ही रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बारीकसा छेद देतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. घरी नजर बोटांवर हवी. नख दाबून सोडलं की पांढरेपणा जाऊन गुलाबी रंग परतला पाहिजे. बोटं निळी, गार किंवा सुजलेली दिसली, अथवा प्लास्टरच्या आत सरकली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खरी कसोटी पुढे आहे. पट्टीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि मग झोपेत, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत घालावे लागतात. पाऊल सरळ दिसलं, बाळ रडतं, म्हणून बूट सोडले की पाऊल पुन्हा वळतं. ते पुन्हा वळण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. आशाताईंना सांगा, त्या पुढची वाट दाखवतील.

चप्पल-बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. मुलाला कागदावर उभं करून दोन्ही पावलं आखा. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी. तीन वर्षांखालच्या मुलांचं माप दर दोन-तीन महिन्यांनी बघा. पावसाळी प्लास्टिकच्या सँडलमध्ये पाय ओलाच राहतो आणि चिखल्या होतात, म्हणून शाळेतून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा.

लावणीच्या दिवसांत चिखलातून आलेल्या मुलाला दोन दिवसांपासून महिन्याभरापर्यंत कधीही ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर ‘मूल चिखलात गेलं होतं’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा) विचार वेळेवर होतो. चपलेतून आरपार खिळा घुसला तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं की नाही ते विचारा आणि जखम भरल्यावरही आठ-पंधरा दिवस लक्ष ठेवा. पुन्हा ठणका लागला तर जंतू हाडापर्यंत पोचलेला असू शकतो. आणि ताप असलेलं मूल पाय टेकायलाच तयार नसेल, तर तेल लावून चोळू नका. खुब्याच्या सांध्यात पू झाला असेल तर काही दिवसांतच कूर्चा कायमची खराब होते. त्याला लगेच, रात्र असली तरी, जिल्हा रुग्णालयात न्या.