पेप्टाइडने बँड गेला म्हणून अँटिबॉडी खरी ठरत नाही

पेप्टाइड ब्लॉक कसा करायचा हे लॅबमधल्या कुणाला सांगायला नको. ज्या पेप्टाइडवर (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यावर) अँटिबॉडी, म्हणजे ते प्रथिन शोधून त्याला चिकटणारा रेणू, बनवली तेच तिच्यात भरपूर मिसळायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि ब्लॉटवर (जिथे प्रथिनं वजनानुसार वेगळी होऊन बँड, म्हणजे पट्टे, दिसतात) किंवा सेक्शनवर (ऊतीच्या पातळ कापावर) घालायचं. सिग्नल गेला की थीसिसमध्ये ‘अँटिबॉडीची विशिष्टता तपासली’ असं लिहून मोकळं व्हायचं. हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. तपासली कुठे?

खरी तपासणी नॉकआउट कंट्रोलने होते. त्यात ज्या उंदरात तुमच्या प्रथिनाचा जीनच चालत नाही, त्याचा सेक्शन तुमच्या सेक्शनशेजारी त्याच दिवशी रंगवायचा. शेवटी दोन्हीकडे सिग्नल जातो, म्हणून दोन्ही कंट्रोल सारखेच वाटतात. पण पेप्टाइडने तुम्ही अँटिबॉडीचे हात बांधता. नॉकआउटमध्ये तिचे हात मोकळे असतात, फक्त तुमचं प्रथिन समोर नसतं.

केव्ही २.१ हे पोटॅशियम चॅनेल घ्या. न्यूरॉनच्या पेशीदेहावर आणि डेंड्राइटच्या सुरुवातीच्या भागात ते पुंजक्यांनी बसतं. समजा, सी-टोकाच्या (प्रथिनाच्या साखळीच्या शेवटच्या टोकाच्या) पेप्टाइडवर सशात बनवलेली पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक अँटिबॉडींचं मिश्रण, लावली. कडेला ठिपके आले, शिवाय केंद्रकही उजळलं. पेप्टाइड मिसळल्यावर ठिपके गेले, केंद्रकही काळं पडलं. झालं, ‘केव्ही २.१ केंद्रकातही आढळलं’! अहो, केंद्रकातल्या भलत्याच प्रथिनात त्या पेप्टाइडसारखा छोटासा तुकडा असला, तर अँटिबॉडी त्यालाही त्याच जागेने धरते. ती जागा पेप्टाइडने भरली की खरा आणि खोटा, दोन्ही सिग्नल एकदमच जातात. नॉकआउटवर ठिपके जातात, केंद्रक मात्र तसंच उजळत राहतं. चोरी तिथे पकडली जाते.

सिग्नल नुसत्या सेकंडरीचा (पहिल्या अँटिबॉडीला धरून सिग्नल देणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीचा) नाही, एवढं पेप्टाइड ब्लॉक सांगतो. तेवढ्यासाठी जरूर करा. पण २०१६ साली अँटिबॉडी तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने जे पाच मार्ग सुचवले, त्यांत जीन काढून किंवा दाबून पाहणं आहे, पेप्टाइड ब्लॉक नाही.

बँडच्या वजनाचं थोडक्यात. अमिनो आम्लांच्या हिशेबाने केव्ही २.१ सुमारे ९५ किलोडाल्टनचं (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक), पण मेंदूच्या नमुन्यात बँड १०० च्या वर येतो, कारण त्यावर फॉस्फेट लागलेले असतात. फॉस्फेट काढणारं फॉस्फटेज घातलं की बँड खाली सरकतो. एवढ्यावरून अँटिबॉडी फेकू नका.

नॉकआउट उंदीर मिळत नसेल तर जीन दाबून पाहा, किंवा त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या जागेवर बसणारी अँटिबॉडी लावा. एचईके पेशींत (लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत) चॅनेल ढीगभर बनवून ब्लॉट काढणं मला पुरेसं वाटत नाही. अँटिबॉडी चॅनेलला धरते एवढंच कळतं, बाकी कशाकशाला धरते ते नाही. आणि ‘दुसरी’ म्हणून सर्रास के८९/३४ ही मोनोक्लोनल (एकाच प्रकारची, एकाच जागेला धरणारी अँटिबॉडी) उचलली जाते. अँटिबॉडी उत्तम आहे, पण तीही सी-टोकाच्याच पेप्टाइडवर, ८३७ ते ८५३ या अमिनो आम्लांवर बनवलेली. तुमची पॉलिक्लोनलही तिथलीच असेल, तर पहिल्याच साक्षीदाराला तुम्ही पुन्हा उभं केलंत.