सह्याद्रीची हद्द कुठे आखायची? दक्षिण कोकणातील ‘संवेदनशील क्षेत्रा’च्या वादाची पार्श्वभूमी

कोकणात ‘घाट’ म्हणजे डोंगर नव्हे, तर डोंगर चढून जाणारी वाट. फोंडा घाट, करूळ घाट, आंबोली घाट, रामघाट ही सगळी वाटांची नावे आहेत आणि त्या वाटा चढून गेल्यावर जो मुलूख लागतो तो ‘घाटावरचा’. डोंगराला सह्याद्री हे जुने नाव होते आणि गावोगाव त्याच्या कड्यांना, सड्यांना, खिंडींना वेगवेगळी नावे होती. इंग्रजी नकाशांनी या सबंध रांगेला ‘पश्चिम घाट’ म्हटले, पुढे तेच नाव सरकारी कागदांत रुळले आणि गेल्या पंधरा वर्षांत ते सावंतवाडी-दोडामार्गच्या ग्रामसभांपर्यंत पोहोचले. खाणी, काही उद्योग आणि मोठी बांधकामे यांवर बंदी घालणारे ‘पर्यावरण संवेदनशील क्षेत्रा’चे, म्हणजे पश्चिम घाटाचे, नियम आपल्या वाडीला लागू होणार असे सांगितले गेले, तेव्हा ‘आमचो गाव घाटात नाय, घाटाखाली हा’ हा तळकोकणातला आक्षेप अज्ञानातून आलेला नव्हता, भाषेच्या दृष्टीने तो बरोबरच होता.

तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेल्या या रांगेचा महाराष्ट्रातला बहुतेक भाग लाव्हारसाच्या थरांचा आहे. हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात मात्र त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात आणि लोहखनिज याच पट्ट्यात सापडते. वर जांभ्याचे सपाट सडे, खाली तुटलेला कडा आणि पायथ्याला माड-पोफळीची कुळागरे ही इथली उतरण. समुद्राकडून येणारे ढग या भिंतीला अडतात, त्यामुळे सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या आंबोलीत वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, किनाऱ्यावरच्या वेंगुर्ल्याच्या दुपटीहून अधिक. या पावसाने निर्माण केलेली जीवसृष्टी अगदी लहान जागेतही स्वतंत्र असते. आंबोलीच्या सड्यावरचा एक छोटा भेक २००९ मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदला गेला. हिरण्यकेशी नदीचा उगम ज्या गुहेत आहे, तिथल्या शिवमंदिरासमोरच्या कुंडात बोटाएवढ्या लांबीचा एक मासा तळाच्या दगडांना धरून राहतो. त्याचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ ठरला. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळाच्या दलदलीचे जंगल अवघे काही एकरांचे आहे, तरी त्यालाही तोच दर्जा मिळाला. ही राई आजवर टिकली ती देवाच्या नावावर राखली म्हणून, हे इथे नोंदवले पाहिजे.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर हा डोंगर कधी निर्मनुष्य नव्हता. उतारावर कुमरीची म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती होती, भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, ऐन-किंजळाची टहाळे तोडली जात, आणि वेंगुर्ला बंदरातला माल बैलांच्या पाठीवरून रामघाटाने बेळगावकडे चढत असे. आंबोलीचा गाडीरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. सावंतवाडी संस्थानात काही गावांची जमीन सारा भरण्याच्या कबुलायतीवर गावकऱ्यांकडे सामाईक होती. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांतला ‘कबुलायतदार गावकर’ जमिनीचा प्रश्न तिथूनच आला आहे. त्यात १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या कित्येक जमिनींवर ‘वन’ हा शिक्का आणला. त्यामुळे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आणखी एक सरकारी शब्द चढणार असे ऐकले, की इथला माणूस सावध होतो. पुढचा विरोध समजून घेताना हा अनुभव बाजूला ठेवता येत नाही.

खरा गुंता २०१० पासून सुरू होतो. त्या वर्षी केंद्राने पश्चिम घाटासाठी एक तज्ज्ञगट नेमला आणि त्याच सुमारास रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील नव्या खाणी-उद्योगांच्या पर्यावरण मंजुऱ्या थांबवून या दोन जिल्ह्यांचा स्वतंत्र विचार करण्याचे कामही त्या गटाकडे सोपवले. गटाचा अहवाल २०११ मध्ये तयार झाला. त्याने सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटरचा सबंध डोंगरपट्टा संवेदनशील मानून त्याच्या आत तीन प्रतींचे झोन सुचवले. मोजणी नऊ-नऊ किलोमीटरच्या चौकोनांवर झाली होती, वर्गवारी मात्र तालुकावार मांडली गेली. अंतिम रेषा ग्रामसभांशी बोलून ठरवावी, असे त्या अहवालात स्पष्ट लिहिलेले होते. प्रत्यक्षात गावागावांत पोहोचली ती फक्त ‘अख्खा तालुका झोनमध्ये गेला’ ही बातमी.

२०१२ मध्ये नेमलेल्या दुसऱ्या गटाने उलट वाट धरली. उपग्रहाच्या चित्रांवरून त्याने ‘नैसर्गिक भूदृश्य’ आणि ‘सांस्कृतिक भूदृश्य’ असे दोन भाग केले, शेती-बागायती-वस्तीचा भाग वगळला आणि उरलेल्यातून सुमारे ६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे त्याने धरलेल्या एकूण क्षेत्राच्या ३७ टक्के, संवेदनशील ठरवले. ज्या गावाचा किमान पाचवा हिस्सा अशा नैसर्गिक भूदृश्यात येतो ते सबंध गाव यादीत, हा निकष. माझ्या मते वादाचे मूळ या निर्णयात आहे. कोकणात काजूची बाग, देवराई, ऐनाचे रान आणि भाताचा मळा एकाच गावात एकमेकांना लागून असतात आणि काजूखालून गवा जातो तसाच रानातूनही जातो. उपग्रहाला बाग दिसली की ते क्षेत्र ‘सांस्कृतिक’ झाले आणि गणतीतून सुटले. सिंधुदुर्गातील १९२ गावे यादीत आली, पण दोडामार्ग तालुका वगळला गेला. गोव्याची म्हादई, कर्नाटकातील भीमगड-काळीचे जंगल आणि वरचे राधानगरी अभयारण्य यांना जोडणारा सलग पट्टा नेमका याच तालुक्यातून जातो. २००२ मध्ये कर्नाटकातून उतरलेले हत्ती मांगेलीत, याच तालुक्यात, पहिल्यांदा आले होते आणि वाघाचा वावरही याच पट्ट्यात आहे.

‘झोन’ या शब्दाने गोंधळात आणखी भर घातली. इथे तीन निराळ्या गोष्टी आहेत. अभयारण्याभोवती आखला जाणारा पर्यावरण संवेदनशील झोन ही पहिली. राधानगरीच्या आसपासच्या गावांना ती ठाऊक आहे. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली सबंध पश्चिम घाटासाठी प्रस्तावित असलेले पर्यावरण संवेदनशील क्षेत्र ही दुसरी. आणि पहिल्या तज्ज्ञगटाच्या अहवालातले एक, दोन, तीन क्रमांकाचे झोन ही तिसरी. हे झोन कधीच लागू झाले नाहीत. त्यावर व्याघ्र प्रकल्पाचा ‘बफर’ आणि ‘संवर्धन राखीव’ हे शब्दही आहेत. तिलारीचे संवर्धन राखीव २०२० मध्ये जाहीर झाले ते वन विभागाच्या जमिनीवर आणि वेगळ्या कायद्याखाली. बोलताना या सगळ्याला एकच नाव पडले, ‘इको सेन्सिटिव्ह’. त्यामुळे एका गोष्टीचे निर्बंध दुसरीला चिकटवले गेले. घराची डागडुजी करता येणार नाही, शेणखताशिवाय खत घालता येणार नाही, जमीन विकता येणार नाही अशा समजुती पसरल्या. संवेदनशील क्षेत्रासाठी केंद्राने काढलेल्या अधिसूचनेच्या मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी व वाळू उपसा यांवर, नव्या औष्णिक वीज प्रकल्पांवर, लाल वर्गातील म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या उद्योगांवर आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर. चालू खाणींना पाच वर्षांची किंवा पट्ट्याच्या उरलेल्या मुदतीची सवलत आहे. शेती आणि मालकी हक्कावर बंधन नाही. तरीही जांभ्याच्या चिऱ्यांवर ज्यांचे घर चालते त्यांची भीती खोटी ठरत नाही, कारण चिरेखाण हीसुद्धा खाणच आहे आणि तिच्यासाठी निराळी तरतूद असावी ही मागणी रास्त आहे.

मार्च २०१४ मध्ये या अधिसूचनेचा पहिला मसुदा राजपत्रात आला आणि महाराष्ट्राच्या वाट्याला १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आले. हरकतींसाठी साठ दिवस दिले जातात, पण राजपत्र हिंदी व इंग्रजीत असते आणि परिशिष्टात गावांच्या नावांच्या लांबलचक याद्या. ठरावीक मुदतीत अंतिम अधिसूचना निघाली नाही की मसुदा आपोआप व्यपगत, म्हणजे रद्दबातल, होतो. त्यामुळे २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४ असे तो पुनःपुन्हा काढावा लागला. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे, केरळमधील वायनाडची दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

या दशकभरात डोंगर थांबून राहिला नाही. दोडामार्गात रानाचे उतार तोडून रबर आणि अननस लावले गेले. कळण्याच्या लोहखनिज खाणीतल्या पाण्याचा बांध जुलै २०२१ मध्ये फुटला आणि लाल चिखल खालच्या शेतांत व घरांत शिरला. त्याच महिन्यात महाडजवळच्या तळीये गावावर कडा कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती २०१५ मध्ये पकडण्यात आले, त्यांतले दोन बंदिवासात मेले. शेतकऱ्यांच्या केळी-माडांचे नुकसान त्यानंतरही चालूच राहिले, कारण हत्ती तिलारीकडून येतच होते.

मुंबई उच्च न्यायालयात सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यासाठी जनहित याचिका आधीपासून होती. २०१३ मध्ये न्यायालयाने या पट्ट्यात वृक्षतोडीला अंतरिम मनाई केली. तरीही तोड चालूच असल्याच्या तक्रारी पुढे त्याच न्यायालयापुढे येत राहिल्या. मार्च २०२४ च्या अंतिम निकालात या पट्ट्यातील २५ गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून चार महिन्यांत अधिसूचित करावीत, असे केंद्राला सांगण्यात आले. दुसऱ्या गटाच्या यादीत ज्या तालुक्याला जागा मिळाली नव्हती, त्याची गावे अशा रीतीने अकरा वर्षांनी न्यायालयाच्या आदेशात आली.