जीआयएसच्या कामापुरते पायथन

संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणे म्हणजे जीआयएस, आणि त्यासाठी लागेल तेवढीच पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा आम्ही ग्वाल्हेरच्या आमच्या वर्गात शिकवतो. चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “आम्ही कॉमर्सचे, कोडिंग जमेल का?” जमेल. सर्वे ऑफिसात, आर्किटेक्टकडे किंवा नगररचनेच्या कामात जो रोज क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर उघडतो, त्याला अख्खे पायथन लागत नाही. व्हेरिएबल, लिस्ट, तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा फॉर लूप, इफ, एखादे फंक्शन आणि फाइलचा पाथ (म्हणजे ती कुठे ठेवली आहे तो पत्ता) न चुकता लिहिणे, एवढ्यावर बरेच निभावते. वेबसाइटवाल्यांचा पायथन कोर्स आधी करून या, असे आम्ही कुणालाच सांगत नाही.

पण आधी गरज आहे का ते बघा. ग्वाल्हेर नगर निगमच्या ६६ वॉर्डांचे ६६ नकाशे एकाच साच्यात छापायचे असतील, तर क्यूजीआयएसमधली ॲटलस ही सोय ते काम एक ओळही न लिहिता करते. एकच टूल पन्नास फायलींवर चालवायला बॅच प्रोसेसिंग आहे. एवढ्यासाठी आमची फी भरू नका. पायथन लागते ते त्यापुढे: शहरातल्या स्वर्णरेखेसारख्या नाल्याचे वॉर्डवार तुकडे करा, दोन्ही काठांना बफर (ठरावीक अंतराचा पट्टा) काढा, आतली बांधकामे मोजा, ज्या वॉर्डाचा डेटा अर्धवट आहे तो वगळा, तक्ता एक्सेलला द्या, आणि नवी फाइल आली की हे सगळे पहिल्यापासून.

पहिली ओळ तुम्हाला लिहावीही लागत नाही. बफर नेहमीसारखा हाताने काढा, मग प्रोसेसिंग मेनूतली हिस्टरी उघडा. राइट क्लिक करून ती नोंद पायथन कमांड म्हणून कॉपी करा, पायथन कन्सोलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) पेस्ट करून एंटर दाबा. नकाशावर काहीच दिसले नाही तर गडबडू नका. कमांडमध्ये नुसते ‘रन’ म्हटले की थर (लेयर) तयार होतो, पण नकाशावर येत नाही. त्यासाठी ‘रन अँड लोड रिझल्ट्स’ म्हणावे लागते. मग अंतर बदलून बघा, फाइल बदलून बघा, शेवटी भोवती लूप घाला. आर्कजीआयएस प्रो या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हिस्टरीतून कमांड कॉपी होते, फक्त तिथे आर्कपाय हे त्याचे स्वतःचे पायथन पॅकेज असते आणि लायसन्स विकत घ्यावे लागते. क्यूजीआयएस मोफत आहे, विंडोजवर पायथन त्याच्यासोबतच येते.

आमचा सर्वांत जास्त वेळ जातो तो प्रोजेक्शनवर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कोणत्या पद्धतीने मांडली आहे त्यावर. जीपीएसचा डेटा बहुधा अंशांत असतो, म्हणजे ईपीएसजी ४३२६ (ईपीएसजी हा अशा प्रत्येक पद्धतीचा क्रमांक). त्यावर ५० चा बफर मागितला की ५० मीटर नव्हे, ५० अंश मिळतात, आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर! म्हणून आधी यूटीएममध्ये न्यायचे; ही मीटरमध्ये मोजणारी पद्धत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे झोन पाडते. त्यात आपल्या भागाचे दुखणे वेगळे. झोन ४३ आणि ४४ ची सीमा असलेले ७८ अंश रेखावृत्त ग्वाल्हेर शहराच्या जरा पश्चिमेने जाते, त्यामुळे शहरातले लश्कर आणि मुरार झोन ४४ मध्ये (ईपीएसजी ३२६४४), तर शिवपुरी झोन ४३ मध्ये (ईपीएसजी ३२६४३). इंदूरच्या कामासाठी लिहिलेली स्क्रिप्ट उचलली तर तीत ४३ असणारच. आपल्या ४४ च्या थरावर तो ४३ चा शिक्का बसला की लश्करातला महाराज बाडा साधारण ६०० किलोमीटर पश्चिमेला, जोधपूरच्याही पलीकडे जाऊन बसतो. गंमत म्हणजे स्क्रिप्ट तक्रार करत नाही, आणि तक्त्यातले क्षेत्रफळही बरोबरच दिसते. थर ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर टाकून डोळ्यांनी बघणे, एवढाच उपाय.

दुसरी अडचण आपल्या लिपीची. शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल प्रकारात कॉलमच्या नावाला १० बाइटांचीच जागा असते, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवायच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. ‘वॉर्ड’ लिहिले की जेमतेम ‘वॉर’ उरतो. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइल प्रकार वापरा, हा प्रश्नच येत नाही.

शिकवणे मराठीत; बरोबर हिंदी बोलणारे असतील तर दोन्ही. येताना लॅपटॉप आणा आणि ऑफिसातले असे एक काम आणा, जे पुन्हा पुन्हा करून जीव विटला आहे. क्लायंटचा डेटा त्याला विचारल्याशिवाय आणू नका, सरावाला ओपनस्ट्रीटमॅपवरून ग्वाल्हेर उतरवून घेऊ. स्वतःचा डेटा आणलात तर मूळ फाइल पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवून या, कारण जुन्या फायलीवर नवी लिहिताना स्क्रिप्ट परवानगी विचारत नाही.