भांग रुंदावतोय की नुसते केस गळताहेत?

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके दिसायला लागतात. ‘बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात,’ असं घरातल्या मोठ्या बायका सांगतात. वेळेच्या हिशेबाने ते बरोबर आहे, कारण केस गळायलाही साधारण तेवढाच काळ लागतो. बहुतेकींची ही गळती बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत आपोआप आटोक्यात येते. काहींची मात्र येत नाही, किंवा गळती थांबूनही भांग रुंदच राहतो. तो केस बारीक होत जाण्याचा वेगळा विकार आहे, त्याचा उपचार वेगळा आहे आणि त्यात झालेला उशीर पूर्णपणे भरून निघत नाही. जिचे केस आपोआप येणार असतात ती महागड्या सिरमवर पैसे घालते आणि जिला औषधाची खरी गरज असते ती ‘बाळंतपणाचं आहे, जाईल’ म्हणत दोन-तीन वर्षं काढते. त्वचारोगतज्ज्ञांकडे या दोघीही रोज येतात.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले 85 ते 90 टक्के कोणत्याही वेळी वाढत असतात. ही वाढ 2 ते 6 वर्षं चालते, मग दोन-तीन आठवड्यांत थांबते आणि केस सुमारे 3 महिने नुसता मुळाशी टिकून राहतो. त्यानंतर तो गळतो. रोज 50 ते 100 केस जाणं म्हणजे हेच नेहमीचं चक्र. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन वाढलेलं असतं, त्यामुळे गळायच्या बेताला आलेले केसही वाढतच राहतात. सातव्या-आठव्या महिन्यात वेणी भरगच्च दिसते ती यामुळे. प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं, लांबणीवर पडलेले हे सगळे केस एकाच वेळी थांबतात आणि तीन महिन्यांनी एकदम गळू लागतात. प्रसूतीत जास्त रक्त गेलं असेल, ताप येऊन गेला असेल किंवा वजन उतरवायला कुणी जेवण तोडलं असेल, तर गळती आणखी वाढते. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीकशी पांढरी गाठ दिसते आणि ‘मुळासकट निघाला’ म्हणून धसका बसतो. ती गाठ केसाचंच टोक असते. केशमूळ त्वचेत शाबूत असतं आणि तिथून नवा केस येतो. केस गळतात म्हणून अंगावरचं दूध तोडायचंही काही कारण नाही.

भांग रुंदावण्याच्या विकारात गोष्ट निराळी घडते. तिथे केशमूळच दर चक्रागणिक लहान होत जातं. निरोगी जाड केसाची जाडी 0.06 मिलिमीटरपेक्षा जास्त असते. ती उतरत उतरत 0.03 च्या खाली, लव म्हणावी इतकी बारीक होते. शेतात रोपांची संख्या तीच राहावी, पण दर हंगामाला ती खुरटत जावीत, तसं हे आहे. मधला भांग विरळ होतो, टाळू दिसू लागतो, पण कपाळाजवळची केसांची रेषा बहुधा जागेवर राहते. एरिख लुडविग या त्वचारोगतज्ज्ञांनी 1977 मध्ये याच्या तीन पायऱ्या मांडल्या आणि आजही डॉक्टर त्याच भाषेत बोलतात. पहिल्या पायरीवर उपचार सुरू झाला तर फळ चांगलं मिळतं, तिसरीवर फार थोडं. हा कल आई आणि वडील दोघांकडूनही येतो, त्यामुळे ‘माझ्या आईचे केस तर छान आहेत’ हा दिलासा पुरेसा नाही. अशा बहुतेक बायकांच्या रक्तात पुरुषी हार्मोन वाढलेलं नसतं. म्हणून हार्मोनच्या महागड्या तपासण्या सगळ्यांना लागत नाहीत. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील किंवा मुरुमं वाढली असतील तरच त्या कराव्यात.

हा विकार बाळंतपणाच्या आधीच सुरू झालेला असू शकतो. गरोदरपणातला दाटपणा तो झाकून ठेवतो आणि नंतरची गळती तो उघडा पाडते. पहिल्या बाळंतपणानंतर केस बरेचसे भरून आले आणि दुसऱ्यानंतर आलेच नाहीत, असं बऱ्याचदा होतं, ते यामुळेच.

घरी ओळखायची एक पद्धत

त्वचारोगतज्ज्ञ वापरतात त्यातली एक चाचणी घरी करता येते. पाच दिवस डोकं धुवायचं नाही. सहाव्या दिवशी बेसिनच्या किंवा मोरीच्या तोंडावर मलमलचा तुकडा लावून शाम्पूने केस धुवायचे आणि खळबळून घ्यायचे. तुकड्यावर अडकलेले सगळे केस पांढऱ्या रुमालावर वाळवायचे आणि मोजायचे. त्यातले 3 सेंटिमीटर किंवा त्याहून आखूड केस वेगळे काढायचे. टोकाला गाठ नसलेला तुकडा हा तुटलेला केस, तो मोजणीत धरू नका. एकूण केस 100 किंवा त्याहून जास्त आणि आखूड केस दहा टक्क्यांपेक्षा कमी असतील, तर ती बाळंतपणाची गळती. एकूण केस शंभराच्या आत, पण आखूड दहा टक्के किंवा जास्त असतील, तर केस बारीक होण्याचा विकार. दोन्ही आकडे वर असतील तर दोन्ही एकत्र आहेत. नागपूरच्या मे महिन्यात पाच दिवस डोकं न धुणं कठीणच, तेव्हा हवं तर चाचणी पावसाळ्यावर टाका. मात्र दिवस कमी करू नका, कारण तीन दिवसांच्या मोजणीला हे आकडे लागू होत नाहीत.

वेणीच्या जाडीवरून निकाल लावू नये. केस महिन्याला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या 60 सेंटिमीटर वेणीत आज उगवलेला केस पोहोचायला पाच वर्षं लागतील. त्यामुळे डोकं पूर्ण भरून आलं तरी वेणीचा शेवट बराच काळ शेपटीसारखा राहतो आणि बाईला वाटतं, काहीच सुधारलं नाही. मोजायचा तो भांग. दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, दिवसाच्या त्याच वेळी, कोरड्या केसांचा मधला भांग काढून वरून फोटो घ्यायचा. तेल लावलेले किंवा ओले केस नेहमीच विरळ दिसतात. कपाळाजवळ आखूड, टोकाकडे निमुळते केस उभे राहू लागले तर ती नवी वाढ असते.

वर्ष उलटूनही भांग अरुंद झाला नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. तिथे डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, पाहिलं की निदान बऱ्याचदा लगेच होतं: शेजारशेजारच्या केसांच्या जाडीत 20 टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला की शंका उरत नाही. गोल चकंदळ म्हणजे चाई पडली असेल, टाळू चकचकीत होऊन केसांची भोकंच दिसेनाशी झाली असतील किंवा भुवयाही विरळ होत असतील, तर वर्षभर थांबू नका. प्रसूतीत खूप रक्तस्राव झाला होता, दूध आलंच नाही, पाळीही परतली नाही आणि काखेतले केसही गेले, अशी सगळी लक्षणं असतील तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झालेली असू शकते. तेव्हा प्रश्न केसांपुरता राहत नाही, फिजिशियन लगेच गाठायला हवा.

रक्त तपासायचं, पण डोळसपणे

तीन तपासण्या पुरतात: हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी). फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 15 च्या खाली कमतरता धरतात, पण केसांसाठी तो 40 च्या वर असावा असं अनेक त्वचारोगतज्ज्ञांचं मत आहे. अंगात ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं येतं, म्हणून बरं वाटल्यावर तपासावं.

विदर्भात आणखी एक गोष्ट पाहावीच लागते. इथे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण मोठं आहे, थॅलेसेमियाचे वाहकही आहेत. अशा वेळी हिमोग्लोबिन कमी असूनही लोहाचा साठा पुरेसा किंवा जास्तच असू शकतो, विशेषतः रक्त चढवलेलं असेल तर. केवळ हिमोग्लोबिन पाहून महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या खाणं तिथे घातक ठरतं. गरोदरपणाची फाइल काढून बघा, सिकलसेलची तपासणी बहुधा झालेली असते. नसेल तर गोळ्यांच्या आधी ती करून घ्या.

साठा खरोखर कमी असेल तर सरकारी लाल गोळी उत्तम काम देते. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. प्रसूतीनंतर ती 180 दिवस घ्यायची असते. पोट दुखलं की पंधरा दिवसांत ती बंद पडते, हीच खरी अडचण. तसं झालं तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या, पण सोडू नका. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, दोन्ही लोह शोषू देत नाहीत. ‘क’ जीवनसत्त्व मात्र लोहाचं शोषण वाढवतं, आणि इथे आंबिया बहाराची नि मृग बहाराची संत्री हाताशी असतात. आळिवाचे लाडू चांगलेच, पण रिकामा साठा त्यांच्या भरवशावर भरत नाही. पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे 17 ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. ती नुसत्या डिंक-तुपाने मिळत नाहीत. डाळ, अंडी, दही, चणे वाढवावे लागतात.

केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या सर्रास खाल्ल्या जातात. बायोटिनची कमतरता क्वचितच असते, आणि जास्त डोस रक्ताच्या अहवालात गोंधळ घालतो: टीएसएच खोटं कमी आणि टी-4 हे थायरॉइडचं हार्मोन खोटं जास्त दिसू शकतं. प्रसूतीनंतर काही बायकांचं थायरॉइड खरोखरच काही महिने असं वागतं, म्हणून हा घोळ ओळखू येत नाही. तपासणीआधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि प्रयोगशाळेत तसं सांगा.

मिनॉक्सिडिल कसं लावायचं

विकार पक्का ठरला की पहिलं औषध मिनॉक्सिडिल. ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले तेव्हा तिचा हा उपयोग लक्षात आला, आणि 1991 मध्ये बायकांसाठी 2 टक्क्यांच्या द्रावणाला अमेरिकेत परवानगी मिळाली. अंगावर पाजत असताना ते वापरू नये असं औषधाच्या पत्रकातच लिहिलेलं असतं, म्हणून सुरुवात कधी करायची हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. दूध सुटल्यावरही बाळाला जपावंच लागतं. युरोपात पालकांच्या डोक्यावरचं मिनॉक्सिडिल लागून तान्ह्या बाळांच्या अंगावर लव वाढल्याच्या नोंदी झाल्या आहेत. बाळ आईच्या केसांत तोंड खुपसून झोपतं, हे लक्षात ठेवा.

2 टक्क्यांचं द्रावण दिवसातून दोनदा, दर वेळी 1 मिलिलिटर. या हिशेबाने 60 मिलिलिटरची बाटली महिनाभर जाते. दोन महिने पुरत असेल तर औषध कमी पडतंय. टाळू कोरडा हवा. मधला भांग काढून ड्रॉपरने थेंब थेट त्वचेवर सोडायचे, बोटाने हलके पसरवायचे, मग बोटभर बाजूला दुसरा भांग, पुन्हा तेच. केसांवर पडलेलं औषध वाया जातं. हात साबणाने धुवायचे. द्रावणात अल्कोहोल असतं, म्हणून लावल्यावर लगेच गॅसपाशी किंवा देवाच्या दिव्यापाशी जायचं नाही. चार तास डोकं धुवायचं नाही. रात्रीचं औषध झोपण्याच्या दोन तास आधी लावा, नाहीतर उशीवरून ते गालाला लागतं आणि तिथे केस येतात. आपल्या उन्हाळ्यात हाच त्रास घामामुळे होतो. सकाळी औषध लावून लगेच स्कार्फ गुंडाळून स्कूटरवर निघालं की घामासोबत ते कपाळावर आणि कानशिलांवर उतरतं. पूर्ण वाळायला निदान अर्धा-पाऊण तास द्या. ते जमणार नसेल तर 5 टक्क्यांचा फोम दिवसातून एकदाच लावण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. द्रावणाने फार खाज येत असेल तर ती बहुधा त्यातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलची असते, आणि फोममध्ये ते नसतं. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशी दोन्ही तिच्यापासून दूर ठेवा. मांजरांना हे औषध विषारी आहे.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळती वाढते. जुने थांबलेले केस ढकलून नवे येत असतात, म्हणून असं होतं. नेमकी याच वेळी बहुतेक जणी बाटली फेकतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, पूर्ण अंदाज वर्षाने येतो. औषध थांबवलं की तीन-सहा महिन्यांत मिळवलेलं जातं, हे सुरू करण्याआधीच माहीत हवं.

तेलाबद्दल थोडं. खोबरेल तेलाने केसातलं प्रथिन धुपणं कमी होतं आणि केस कमी तुटतात, एवढं खरं. केशमूळ त्याने वाढत नाही. डोकं धुण्याआधी तास-दोन तास केसांच्या लांबीला लावा, औषध लावलेल्या टाळूवर नको. बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, पण मुळं मरत नाहीत. घट्ट अंबाडा आणि ओढून बांधलेली पोनी मात्र मुळांना खरंच इजा करते.

मिनॉक्सिडिल पुरेसं पडलं नाही तर डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) किंवा कमी मात्रेत मिनॉक्सिडिलची गोळी देतात. स्पायरोनोलॅक्टोनमुळे गर्भ मुलाचा असेल तर त्याच्या लैंगिक अवयवांच्या वाढीत दोष येऊ शकतो, म्हणून ते चालू असताना खात्रीचं गर्भनिरोधन हवंच. पुरुषांच्या टकलावर दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइडचाही तोच धोका आहे. नवऱ्याच्या कपाटातल्या गोळ्या उसन्या घेण्याचा प्रकार होतो, तो करू नका. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर प्रयत्न सुरू करण्याआधीच त्वचारोगतज्ज्ञांना सांगा, कोणतं औषध किती आधी थांबवायचं हे त्यांच्याकडून लिहून घ्या आणि तोच कागद स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फाइलला लावा.